दुकानाचा सदरा

बाबूजींचे सदरे दोन प्रकारचे असत. घरचे आणि दुकानाचे. दुकानाचा सदरा दुकानातच राही, मागच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीला. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी ते तो काढून ठेवत, घरचा चढवत आणि मगच पायऱ्या उतरत. खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत आमचं दुकान आणि घर यांत चाळीस पावलांचं अंतर आहे. तेवढ्यासाठी सदरा बदलणारा दुसरा व्यापारी मी पाहिला नाही. माँ तो सदरा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. धुवायचा तोही दुकानामागच्या हौदावर. मिरचीच्या आणि तंबाखूच्या धुळीमुळे असेल, असं मी धरून चालले होते.

गेल्या ज्येष्ठात ते गेले. माँने घरचे सदरे आठवड्याच्या आत वाटून टाकले. मी कोणाला न विचारता खुंटीवरचा उचलला आणि नाशिकला घेऊन आले. घरच्या सदऱ्यांना साबणाचा वास होता. दुकानाच्या सदऱ्याला त्यांचा होता.

तो मी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला आहे. महिन्यातून एकदा उघडते. जास्त उघडला तर संपेल. मी ग्रंथपाल आहे. कागद जुना झाला, ओला झाला, त्याला वाळवी लागली, हे मला पुस्तक न उघडता कळतं. पण त्या सदऱ्यात काय काय आहे हे मला कधी सांगता आलं नाही. तळाशी तागाचं पोतं. वर घाम. आणि सगळ्यावर एक गोड वास, मनुका डब्यात राहून किंचित आंबल्यासारखा. तो वास त्यांचाच, दुसऱ्या कशाचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

चैत्रात पुनीतचा फोन आला. माझा धाकटा भाऊ.

"जीजी, एक सही हवी आहे. आणि येताना बाबूजींचा तो सदरा आण ना. दुकानात लावायचाय."

"फोटोजवळ?"

"ये तर. बघून खूश होशील."

सही कशाची ते त्याने सांगितलं. बाबूजींनी मृत्युपत्र केलं नव्हतं. दुकान माँ, पुनीत आणि मी अशा तिघांच्या नावावर लागलं होतं. तिथे त्याला बार काढायचा होता. परवान्याच्या अर्जाला तिघांची संमती लागते. माँने सही केली होती. आमच्या जैन घरात कांदा येत नाही, सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही, पाणी गाळल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पीत नाहीत, आणि माँने बारच्या कागदावर सही केली होती. मी दोनदा विचारलं. तो दोनदा हो म्हणाला.

नंदुरबारहून पॅसेंजरने मी दुपारी चारला उतरले आणि सरळ दुकानावर गेले. सही करायची नाही असं ठरवून गेले नव्हते. भाऊ एकच आहे.

बाहेरून काही बदललं नव्हतं. 'भीकमचंद अँड सन्स, किराणा व भुसार' ही पाटी तशीच, सोलवटलेली. नंतर कळलं की पाटी सुरतेच्या कारागिराकडून पुन्हा सोलवटून घेतली होती, कारण मूळ पाटी पुरेशी जुनी दिसत नव्हती. तराजू होता. मिठाची पोती होती. गल्ल्यामागे बाबूजींची गादी होती आणि तिच्यावर पांढरी खोळ, जी त्यांच्या हयातीत इतकी पांढरी कधीच नव्हती. पायरीवर आदिवासी पाड्यावरची नानीबाई टोपली घेऊन बसली होती. मला कळायला लागल्यापासून ती आमच्या दुकानात येते.

"कवय उनी, बेन?" तिने विचारलं.

"आत्ताच. तू बरी आहेस ना?"

"बरी शे. तुन्हा भाऊनी बसाडं आठे. सांगस, बस, काही करू नको." ती हसली. "बसाना पैसा देस."

पुनीतची बायको चांदनी बाहेर आली. हातात फोन.

"बाईसा, थांबा, थांबा! तशा नाही यायचं. पासवर्ड सांगा."

"कसला पासवर्ड?"

"अहो, लपलेला बार आहे हा. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी दारूबंदी होती ना, तेव्हा लोक न्हाव्याच्या दुकानातून, औषधाच्या दुकानातून आत शिरायचे, मागे बार. आता मुंबईला, बेंगळुरूला सगळीकडे हेच चालतं. पाटी नाही, जाहिरात नाही. ज्याला माहीत त्यालाच माहीत. आणि आपल्याकडे तर गंमतच. सीमेपलीकडे गुजरातेत बंदी खरीखुरी आहे. सुरतेचे लोक दोन तासांत इथे."

"पण इकडे बंदी नाही. पुनीत परवाना काढतोय. मग लपायचं कोणापासून?"

"जीजी," पुनीत आतून म्हणाला, "लपायला मिळतं म्हणूनच येणार ना लोक. उघडा बार स्टेशनसमोर आहेच की. तिथे कोण फोटो काढतं?"

"पासवर्ड म्हणा," चांदनी म्हणाली. "'बाबूजींना भेटायचंय.'"

मी म्हटलं नाही. तिने माझ्या वतीने म्हटलं, फोनमध्ये बघत, हसत. दहा महिन्यांपूर्वी हे वाक्य मी रुग्णालयाच्या दारात एका पहारेकऱ्याला म्हटलं होतं.

मी आत शिरले तेव्हा पोत्याला हात लागला आणि पोतं सरकलं. मिठाचं पोतं दोन माणसांना हलत नाही. आत थर्माकोल होतं. डब्यांची झाकणं चिकटवलेली होती.

"आता स्वागत," चांदनी म्हणाली. "ही माझी आयडिया आहे हं. पायरीवर बसा. हात पुढे करा, ओंजळ."

लखन नावाचा तिशीतला माणूस, गोव्याहून आणलेला, काळा एप्रन बांधून पितळी लोटा घेऊन आला. तो लोटा मी ओळखला. दुकानात गाळलेल्या पाण्याचा माठ असे आणि पाड्यावरून उन्हात चालत आलेल्या प्रत्येकाला बाबूजी त्या लोट्याने पाणी पाजत. माणूस पायरीवर बसे, ओंजळ धरी, बाबूजी उभ्याने वरून धार सोडत. हात कधी चुकला नाही त्यांचा. नाशिकला मी मैत्रिणींना हे सांगत असे. आमच्या दुकानातून तहानलेला कोणी गेला नाही, म्हणून.

"बाबूजींची स्टाईल," चांदनी म्हणाली. "पाहुणे वेडे होतील बघा."

लखनने धार सोडली. मी ओंजळ का धरली हे मला सांगता येत नाही. समोर लोटा आला की हात आपोआप जुळतात. दारू थंड होती. ती बोटांतून निसटून मनगटावर, कोपरापर्यंत, कुडत्यावर सांडली. थोडी तोंडात गेली. चांदनीने फोटो काढला.

"परत घेऊ, डोळे मिटले तुमचे."

"नको," मी म्हटलं.

पुनीतने डब्यांचा लाकडी घोडा, म्हणजे फळ्यांची उभी मांडणी, ढकलला. तो बिजागरीवर फिरला आणि मागे दार उघडलं. हे गोदाम. लहानपणी मी इथे कधी गेले नव्हते. बायकांनी, मुलींनी आत जायचं नाही असा दंडक होता. आत ढेप आहे, जनावरांचं खाद्य, उंदीर आहेत, असं सांगितलेलं.

आता तिथे जांभळे दिवे होते. भिंतींना तागाची पोती खिळ्यांनी ठोकलेली. चामड्याच्या खुर्च्या. टेबलांवर तराजूची लोखंडी वजनं, नॅपकिन उडू नयेत म्हणून. एका भिंतीवर बाबूजींचा तरुणपणीचा फोटो, त्याला हार नव्हता. हार घातला तर मूड जातो, असं चांदनी म्हणाली. खाली लाकडी खुंटी. रिकामी.

"सदरा इथे," पुनीत म्हणाला. "वर एक छोटा दिवा सोडू. आणलास ना?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती.

"बघू," मी म्हटलं.

"चखना खा आधी. शंभर टक्के जैन आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. केळ्याचे वेफर, मूगडाळ, खाखरा." हे त्याने इतक्या प्रामाणिक अभिमानाने सांगितलं की मला वाटलं चेष्टा करतोय. करत नव्हता. "आपल्या समाजातलीच मुलं येणार आहेत सुरतेहून. त्यांची सोय नको?"

माझ्या तोंडात त्या दारूची चव होती आणि समोर कांदा न घातलेली मूगडाळ. मी पाणी मागितलं. लखनने बाटलीतलं आणून दिलं.

कागद टेबलावर होता. माँची सही खालच्या कोपऱ्यात, तिच्या सुबक अक्षरात. तिच्या नावाखाली माझं नाव छापलेलं होतं. मी पेन काढलं. खरं सांगायचं तर मी सही करणार होते. मला तिथून बाहेर पडायचं होतं आणि सही हा बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा रस्ता होता. एखादी जागा किळसवाणी आहे एवढ्यावर भावाचा धंदा अडवावा का, हे मला कळत नव्हतं. किळस माझी होती, धंदा त्याचा.

"एक मिनिट," पुनीत म्हणाला. "सही करायच्या आधी आपलं खास पेय घे. पिऊ नको हवं तर, नुसतं बघ. लखन, ढेप आण."

"ढेप?"

"नाव आहे. सगळ्यांची नावं दुकानातली. ढेप सगळ्यात भारी."

लखनने मातीचा छोटा पेला माझ्यासमोर ठेवला. मी तो बाजूला सरकवण्यासाठी उचलला आणि वास आला.

बाबूजी त्या खोलीत होते. दुसऱ्या शब्दांत मला हे सांगता येणार नाही. गोड, मनुकांसारखा, किंचित आंबलेला. महिन्यातून एकदा, चार श्वास, अशी जी मी पुरवून पुरवून वापरत होते ती वस्तू पेलाभर माझ्या हातात होती. मी पेला नाकाशी धरला, त्यातलं थोडं बाहीवर सांडलं. किती वेळ ते माहीत नाही. चांदनी काहीतरी म्हणाली. पेला खाली ठेवता येत नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मोह. मोहाच्या फुलांची. नानीबाई आणते ना फुलं."

"मग ढेप का म्हणतोस?"

पुनीतने माझ्याकडे पाहिलं. आधी हसला, मग त्याला कळलं की मी खरंच विचारतेय.

"जीजी. तुला माहीत नाही?"

"काय?"

"या गोदामात ढेप कधी नव्हतीच. मोहाची फुलं असायची. छतापर्यंत पोती. चैत्रात पाड्यांवरून घ्यायची, पावसाळ्यात त्यांनाच परत विकायची, दारूच्या भट्टीसाठी. सोबत काळा गूळ आणि नवसागर. फुलं साठवायला तेव्हा परवाना लागायचा, तो नव्हता, म्हणून हा घोडा पुढे. दार मी नाही बनवलं. बाबूजींचंच आहे. मी फक्त बिजागरी बदलली."

"डिझायनरने पाहिलं आणि म्हणाला, इथे मला काही करायचं शिल्लकच नाही," चांदनी म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?" मी पुनीतला विचारलं.

"मला? मी चौदाचा झालो तेव्हा बाबूजींनीच आत आणलं. म्हणाले, जीजी विचारेल तर ढेप सांग. मी वीस वर्षं ढेप सांगतोय. म्हणून तर नाव ठेवलं!" तो पुन्हा हसला, पण आता जरा सावधपणे. "अगं, आंघोळ करून, सामायिकाचं ध्यान करून दुकानात यायचे आणि नवसागर विकायचे. हात नाही लावायचे. नानीबाईलाच सांगायचे, तूच उचल, तूच तोल."

मी पेनाला टोपण लावलं.

बाहेर कोणीतरी हाक मारली. शर्टाची बटणं उघडी, डोक्याला फडकं बांधलेला माणूस दुकानात उभा होता. घोडा अर्धवट उघडा असल्याने आम्हाला तो दिसत होता.

"शेठ, मीठ दे. दोन किलो."

"पुढे जा, दादा," पुनीत आतूनच ओरडला. "हे दुकान नाही."

त्या माणसाने पोत्यांकडे पाहिलं. तराजूकडे पाहिलं. पाटी त्याला वाचता येत होती की नाही कोण जाणे, पण या दुकानातून त्याने आणि त्याच्या बापाने मीठ नेलं असणार. पोत्याला हाताने दाबून पाहिलं. पोतं दबलं. मग तो निघून गेला.

"रोज दहा येतात असे," चांदनी म्हणाली. "पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत. नाही तर तेही छान वाटेल, नाही का? खरं वाटेल."

"कागद मी घरी घेऊन जाते," मी म्हटलं.

"जीजी, त्यात वाचण्यासारखं काही—"

"घरी बघते."

बाहेर पायरीवर मी नानीबाईशेजारी टेकले. ऊन उतरायला लागलं होतं. तिच्या टोपलीत मोहाची ताजी फुलं होती, पिवळसर, पाणी भरल्यासारखी. मी एक उचलून हुंगलं. ओल्या फुलाला तो वास नव्हता. तो वाळल्यावर येतो, बंद जागेत राहिल्यावर.

"रडी ऱ्हायनी का?" तिने विचारलं.

"नाही."

"तुन्हा बाप चांगला व्हता. पानी पेवाशिवाय जाऊ नही दे." तिने आतल्या लोट्याकडे हनुवटी केली. "आते हाई लोक त्याच लोटावरी दारू वततस. मी दखं. माले हासू उनं."

"हसू का आलं?"

"एक डाव मन्हा हात लागी गया त्या लोटाले. मी नवीन नवरी व्हतू, माले काय मालूम. तं त्यानी मन्हासमोर लोटा चुल्हामा घाला. लालभडक करा. मंग धोयना, मंग परत पानी दिधं. माले बी दिधं. उंचवरथून." तिने ओंजळ करून दाखवली आणि दुसरा हात वर, खूप वर, डोक्याच्याही वर धरला. "आते त्या सुरतना शेठ लोक आठे बसतीन, आसं हात करतीन, आन पैसा देतीन." ती इतकी हसली की टोपलीतली फुलं सांडली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला. असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

आम्ही दोघींनी फुलं गोळा केली. मी चाळीस पावलं चालून घरी गेले.

माँ ओटीवर उभी होती. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता आणि आत ताटं वाढलेली होती. मी पायऱ्या चढले तशी ती एक पाऊल पुढे आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. वाट अडवून नव्हे, नुसती उभी. मग तिचं नाक हललं.

"कपडे बदल. मग आत ये," ती म्हणाली.

कुडत्यावर सांडलेलं वाळलं होतं. तिने ते वाक्य माझ्याकडे न बघता म्हटलं, सवयीने, जसं तीस-चाळीस वर्षं कुणाला तरी म्हणत आली असेल.

"माँ, तुला माहीत होतं? गोदामात काय असायचं?"

"पिशवीत काय आहे?"

"बाबूजींचा दुकानाचा सदरा."

"तो बाहेर ठेव. कठड्यावर."

"माहीत होतं का?"

"दुकान दुकानाच्या जागी, घर घराच्या जागी," माँ म्हणाली. "घरात मी कधी काही येऊ दिलं नाही. तुमच्या ताटात काही आलं का? तुझ्या शिक्षणात काही कमी पडलं का? मग. चल, सूर्य बुडेल. नंतर तुला पाणीही चालणार नाही."

मला पाणी नंतरही चालतं. नाशिकला मी रात्री दहाला जेवते. हे तिला माहीत आहे आणि आम्ही ते कधी बोलत नाही. घरातल्या न बोलण्याच्या गोष्टींत माझीही एक होती, हे मला तिथे, पायरीवर आठवलं.

"घसा कोरडा पडलाय," मी म्हटलं. "आधी पाणी दे."

ती आत गेली आणि लोटा घेऊन आली. घरचा, स्टीलचा. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने तो उचलला. मी खाली उभी होते. पाणी पडायला लागलं तेव्हा मला कळलं की मी ओंजळ धरली आहे. धार सरळ होती, पातळ, एक थेंब इकडेतिकडे नाही. बाबूजींचा हात म्हणून जे मी ओळखत होते ते या घराचं वळण होतं. या बाजूने मला कधी पाणी मिळालं नव्हतं. वरून येणाऱ्या पाण्याकडे बघत प्यावं लागतं, मान वर करून, आणि पाजणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

मी पिणं थांबवलं.

"पुनीतला सांग, मी सही करणार नाही."

"अगं, का? त्याने किती हौसेने केलंय. तुझ्या वडिलांचं नाव राहील."

"तेच तर."

"काय तेच तर?"

"आत्तापर्यंत हे चार भिंतींत होतं, माँ. आता लोक ते बघायला तिकीट काढून येतील आणि ओंजळ धरून हसतील. आणि मीठ मागायला आलेल्याला हाकलतील. मी त्याला माझं नाव देणार नाही. त्याला हवं तर माझ्या वाट्यात परत किराणा घालू दे. खरं मीठ."

"वेडी आहेस. किराण्यात काय राहिलंय आता?" मग हळू आवाजात, "आणि लोकांना काय सांगशील? का नाही दिली सही?"

"ढेप होती म्हणून सांगेन," मी म्हटलं.

ती हसली नाही. मीही नाही. अजून अर्धा लोटा पाणी होतं. मी दोन पायऱ्या चढले, तिच्या हातातून लोटा घेतला, तोंडाला लावून प्याले आणि परत दिला. तिने तो दोन बोटांनी, गळ्याला धरून घेतला.

"बस पायरीवर. साडी आणून देते बदलायला," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बसले. कठड्यावरची पिशवी उघडली नाही. वास त्यातून तसाही येत होता, किंवा माझ्या बाहीतून येत होता. दोन्ही आता एकच होते. रस्त्यापलीकडे दुकानाच्या पाटीवर शेवटचं ऊन होतं. आत ताटं थंड होत होती. साडीसाठी कपाट उघडल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. आधी स्वयंपाकघरातून लायटरची खटखट आली, एकदा, दोनदा, मग गॅस पेटला, आणि शेगडीवर रिकामा लोटा ठेवल्याचा आवाज झाला.